अंजनाची तहान

६ एप्रिल, सोमवार

सगळ्यात आधी आली ती अंजनाबाईच. आमच्या गल्लीतली शोभाताई आता घरोघर सांगत फिरते का वर्षभरानं पहिलं कुलूप मीच उघडलं, पण तिचा टेम्पो आला दोन वाजता, अन् अंजना बाराच्या ठोक्याले माझ्या पडवीत हजर. आम्ही नुकतेच पोचलो होतो. माझा पोरगा चंदन गाडीतून गाद्या उतरवून राहिला होता, सूनबाई झाडू शोधून राहिली होती, अन् ही बया खांबाले टेकून बसलेली. म्हणे, "सखे, पाणी दे वं." ना कशी आहेस, ना डोकं बरं झालं का. मले तं इतका आनंद झाला का लोटा भरता भरता अर्धं पाणी सांडलं.

ही वही मिनलनं दिली, माझ्या नातीनं. डॉक्टर म्हणे आजीले रोज काहीतरी लिहू द्या, डोकं चालतं राहील. माझी शाळा तिसरीपर्यंत, मग मागावर बसवलं. तेव्हा अक्षर वाकडं आहे. कोण वाचणार आहे म्हणा.

जागेचं लिहून ठेवते, नाहीतं विसरेन. आम्ही नागपूरचे कोष्टी. उमरेड रोडवरच्या या तलावावर माझ्या सासऱ्यांच्या काळात सूत धुवायले बैलगाड्या येत. मग विणकरांच्या सोसायटीनं इथं बारा प्लॉट पाडले, टीनाच्या छताची दोन-दोन खोल्यांची घरं बांधली. उन्हाळा लागला का गल्लीतली भट्टी सोडून बाराही घरं इथं. आम्ही त्याले बंगले म्हणतो. हसणाऱ्यानं हसावं. मागच्या एप्रिलात मोठं वावधन आलं. असा वारा मी सत्तर वर्षांत पाहिला नव्हता, टीनं पत्त्यासारखी उडाली, अन् त्यातलं एक माझ्या डोक्यावर. मले आभाळ पिवळं झालेलं आठवते, मग एकदम दवाखान्याचा पंखा. तीन महिने दवाखाना. त्यानंतर मले इकडे कोणी आणलंच नाही, अन् इकडचं कोणी बोललंही नाही. मीच हट्ट धरला का औंदाची अक्षयतृतीया तलावावर करीन.

अंजनाचा बंगला माझ्या शेजारी, सात नंबर. पन्नास वर्षांची मैत्रीण. एका सासूच्या शिव्या दोघींनी ऐकल्या, कारण तिची सासू अन् माझी सासू सख्ख्या बहिणी अन् दोघींचं तोंड एकच.

जेवताना मी सांगितलं, अंजना येऊन गेली. प्रेमिलाच्या, म्हणजे सूनबाईच्या, हातातला भाताचा सराटा खाली पडला. चंदन म्हणे, "आई, तू गाडीनं थकली. जराशी पड." मी कायले थकू. गाडीत बसूनच तं आली.

७ एप्रिल, मंगळवार

आज अंजना रामाजीले घेऊन आली. का रामाजी तिले घेऊन आला, देव जाणे. रामाजी म्हणजे तलावावरचा ढिवर. मासोळ्या धरते अन् त्याच्या डोंग्यात आमच्या पोट्ट्यांना चक्कर मारून आणते. तो अंगणातच उभा राहिला, पडवी चढला नाही. मी म्हटलं, "काहून गा, पाणी तरी घे." तं म्हणे, "नको वहिनी, माझं झालं. माझ्या पिंकीनं सगळं बरोबर केलं. मी हिले सोडायले येतो. मीच घेऊन गेलो होतो ना, एकटी कशी टाकू."

कुठे घेऊन गेला होता ते मी विचारणार होती, पण आत दूध उतू गेलं.

अंजना पाणी पेत राहिली. मी मोजलं नाही, पण अर्धा माठ गेला. तोंडाले लोटा लावते, गळा हलते, अन् म्हणते, "उतरत नाही वं सखे." लुगडं सगळं ओलं. तेच निळं, करवती काठाचं, तिनं स्वतः विणलेलं. म्हटलं भर दुपारी तलावात कायले डुबतं, वय काय आपलं. ती हसली नाही. अंजना माझ्या बोलण्यावर हसत नाही असं कधी झालं नव्हतं.

ती गेल्यावर खांबापाशी पाण्याचं थारोळं होतं अन् त्यात हिरवा गाळ. पुसायले मलेच लागलं. प्रेमिला दारातून पाहत होती. म्हणे, "आई, कोणासंग बोलत होत्या?" डोळ्याले चश्मा आहे तिच्या, तरी विचारते.

९ एप्रिल, गुरुवार

वावधनाले तारखेनं आज वर्ष झालं, तिथीनं चैत्रातल्या बारसले, म्हणजे द्वादशीलेच, झालं होतं. सारी मंडळी तलावाच्या पाळीवर गेली. मले नेलं नाही, म्हणे ऊन लागेल. मी खिडकीतून पाहिलं. शोभाताईनं पांढरं पातळ नेसलेलं. रामाजीच्या पोरीनं, पिंकीनं, पाण्यात फुलं सोडली अन् दिवा सोडला. तलावानं आपल्याले वाचवलं म्हणून पूजा करून राहिले असतील. चांगलं केलं. तलाव आपल्या बारा घरांची माय आहे.

अंजनाचा धर्मेंद्र मात्र दूर उभा होता, बाभळीखाली. मौद्याच्या पावर प्लांटात आहे तो. तीस वर्षांचा घोडा, लग्नाचं नाव नाही, मायच्या हातचंच खायले पाहिजे. आता असा वाळला का सदरा खुंटीवर टांगल्यावाणी दिसते. हातात एक लांब बांबू. पाळीच्या कडेनं पाण्यात टोचत टोचत चालते, वर पाहत नाही.

अन् अंजना त्याच्या मागे उभी. अगदी मागे, हात लावला असता तं लागला असता. पोट्ट्यानं मान वळवली नाही. माय मागे उभी अन् याले पत्ता नाही असं होईल काय. मी तिथंच समजली. मायलेकांचा अबोला आहे.

कायचा ते काढते मी.

११ एप्रिल, शनिवार

घरात माझ्यापासून लपवून काहीतरी चालू आहे, ते आज सापडलं.

दुपारी मी डोळे मिटून पडली होती. स्वयंपाकखोलीत शोभाताई अन् चंदन. शोभाताई म्हणे, "अरे, किती दिवस लपवशील? तिले आज ना उद्या समजंलच." चंदन म्हणे, "डॉक्टरनं सांगितलं, एकदम सांगू नका. डोक्याले धक्का बसंल. ताई, त्या दोघी कशा होत्या तुम्हाले माहीत आहे." मग प्रेमिलाचा रडण्याचा आवाज.

बंगला विकून राहिले. दुसरं काय असणार. वावधनानं अर्धं छत नेलं, भिंत पडली, आता कोण दुरुस्त करत बसते, असं त्यांचं चाललं असेल. पलीकडे कोणी रिसॉर्ट बांधून राहिलं म्हणतात. दोघी म्हणजे मी अन् अंजना, दोघींचे बंगले जोडीनं मागत असतील.

मी उठली, ट्रंकेतले घराचे कागद काढले अन् ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खाली दाबून ठेवले. विका आता.

१३ एप्रिल, सोमवार

माठावरून सुनेसंग वाजलं. तिचं म्हणणं, सकाळी भरलेला माठ दुपारी कोरडा कसा, अन् पडवीत चिखल कसा. मी म्हटलं, अंजना पेते. तं ती माझ्याजवळ बसली, माझा हात हातात घेतला अन् म्हणे, "आई, अंजनामावशी आता..." अन् पुढचं बोललीच नाही. उठून गेली. आजकालच्या पोरींना भांडणही पूर्ण करता येत नाही.

बाराले अंजना आली. रामाजी अंगणात कडुलिंबापाशी उभा. कडुलिंब कुठला, नुसता बुंधा. वावधनानं अर्धा फाडला, अन् उरलेल्या एका फांदीत अजूनही कोणाच्या तरी घराचं टीन अडकून आहे, वारा आला का वाजते. मी अंजनाले सरळ विचारलं.

"धर्मेंद्र तुझ्यासंग बोलत काहून नाही?"

"त्याले वाटते त्याच्यापायी झालं."

"काय झालं?"

"त्यानं ढेसाची भाजी मागितली होती." ढेस म्हणजे कमळाचे देठ, तलावात मधोमध असतात. "म्हणे माय, उद्यापासून ड्युटी आहे, आज ढेस कर. मी रामाजीले म्हटलं चल गा, दोन जुड्या आणू. त्यानं कोणाले सांगितलं नाही का मीच मागितले म्हणून. ते त्याच्या पोटात बसलं आहे."

रामाजी तिकडून म्हणे, "आभाळ पाहूनही मी डोंगा काढला, वहिनी. माझी अक्कल."

मले एवढं हसू आलं. वर्षभराचा अबोला, अन् तो भाजीपायी. मी म्हटलं, "एवढंच? मी सांगते त्याले."

तं अंजनानं माझा हात धरला. हात इतका थंडा, जसा विहिरीतून काढलेला दोर. म्हणे, "सखे, त्याले सांग, मी रुसली नाही. ढेस जून झाले होते, भाजी चांगली झालीच नसती. अन् सांग, मले पाणी पाहिजे. तुझं उतरत नाही. पोराच्या हातचं दे म्हणा. अक्षयतृतीया आली आहे, ती जाऊ देऊ नको म्हणा. मग लय लांब आहे."

काय लांब आहे ते सांगितलं नाही. पण बाई खरोखर तहानलेली आहे. ओठ पाहवत नाही. एवढ्या पाण्यात राहून असे ओठ मी पाहिले नाही.

१४ एप्रिल

चंदननं भिवापूरची मिरची आणली. बाकीच्या बंगल्यांवर नवीन टीनं चढून राहिली, दिवसभर हातोड्या. शिंका अन् ठोकाठोकी. अंजना येऊन बसली अन् गेली.

१६ एप्रिल, गुरुवार

आज मी कोणाले न सांगता पाळीवर गेली. प्रेमिला न्हाणीत होती. धर्मेंद्र बांबू घेऊन बसला होता, पाय पाण्यात.

मी म्हटलं, "काहून गा धर्मेंद्रा, काय शोधून राहिला?"

दचकला. "मावशी, तुम्ही इथं कशा? चंदनदादाले फोन करतो."

"चंदनले मार गोळी. तुले लाज नाही वाटत? माय रोज दुपारी माझ्या पडवीत येऊन पाणी पाणी करते, अन् तू इथं पाण्यात काड्या टोचत बसला."

त्यानं पाय पाण्याबाहेर काढले. मग हळू म्हणे, "मावशी, तुमच्या डोक्याले मार आहे. चला, घरी सोडतो."

"माझं डोकं तुझ्यापेक्षा बरं आहे. ढेसापायी कोणी मायसंग अबोला धरते काय?"

पोट्ट्याचा चेहरा असा झाला का मीच भेली. बांबू हातातून सुटला, पाण्यात वाहून चालला, तरी त्यानं पाहिलं नाही.

"ढेसाचं तुम्हाले कोणी सांगितलं?"

"तिनंच. दुसरं कोण सांगंल."

"मी कोणालेच बोललो नाही, मावशी. पोलिसाले नाही, कोणालेच नाही." मग विचारते कसा, "काय नेसली होती?"

"निळं, करवती काठाचं. दुसरं आहे काय तिच्याजवळ? पदराले रफू केलेलं, तू विडीनं जाळलं होतं ते."

तो तिथंच चिखलात बसला. एवढा मोठा माणूस, अन् नाक ओढत रडायले लागला, लहानपणी मागाच्या खड्ड्यात पडला होता तसा. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला अन् सगळा निरोप सांगितला. रुसली नाही. ढेस जून होते. पाणी तुझ्या हातचं पाहिजे.

"जून होते म्हणे?"

"हो. भाजी झालीच नसती म्हणे चांगली."

त्यावर तो रडता रडता हसला. म्हणे, "माय असंच बोलते." मग म्हणे, "सगळे सांगतात भर, भर. शोभाताई रोज सांगते. पण मावशी, ती सापडलीच नाही तं मी कसा भरू? भरलं म्हणजे झालंच ना मग. मीच म्हटल्यासारखं झालं का आता येऊ नको."

मले त्याच्या बोलण्याचं टोक सापडलं नाही. पण आपल्याले समजलं नाही तरी पोराले उत्तर द्यावं लागते. मी म्हटलं, "पाणी दिल्यानं कोणी जाते काय रे? पाणी दिलं का माणूस परत येते. तहानलेला माणूसच घर सोडून जाते."

धर्मेंद्र म्हणे, "तुम्ही तिले पाहता, मावशी. मले काहून दिसत नाही?"

मी म्हटलं, "तू खाली पाण्यातच पाहतं. वर पाह्यलं तं दिसंल."

१८ एप्रिल, शनिवार

धर्मेंद्र इतवारीत जाऊन आला. दोन मडकी आणली, एक करा अन् एक केळी. आमच्यात अक्षयतृतीयेले पितरांच्या नावानं पाणी भरतात. माणसाच्या नावाचा करा, तो लहान. बाईच्या नावाची केळी, ती जराशी मोठी. गेलेल्याले वर्ष होऊन गेलं का पहिल्या अक्षयतृतीयेले त्याच्या नावानं भरायचं, मग तो पितरांत मिळते. नाहीतं बिचारा ना इकडचा ना तिकडचा. आमच्या यांचा, मारोतरावांचा, करा चंदन दरवर्षी भरते. यांना जाऊन सहा वर्षं झाली. जिवंतपणी पाण्याले हात लावत नव्हते, नुसता चहा.

धर्मेंद्रचा करा त्याच्या बापाचा, ते समजलं. केळी कोणाची असं मनात आलं. आजीची असंल. ती तोंडाची फटकळ होती, पण नातवावर जीव होता. चांगला आहे पोट्टा, आजीले विसरला नाही.

शोभाताई केळी पाहून पदरानं डोळे पुसत होती. मिरचीची भुकटी अजून उडूनच राहिली आहे हवेत.

१९ एप्रिल, रविवार, अक्षयतृतीया

आजचं मोठं लिहिते.

सात नंबरले अजून छत नाही. चार भिंती अन् वर आभाळ. धर्मेंद्रनं सकाळपासून ओटा सारवला. स्वतः. शेणाचे हात कोपरापर्यंत. सगळी मंडळी जमली, पण कोणी बोलेना. मीच बोलत होती, चिचोणी कशी करावी, चिंच किती भिजवावी, कोणीतरी बोललं पाहिजे ना. ढिवरपुऱ्यातून पिंकी आली. तिनं माझ्या पाया पडून माझे हात डोळ्याले लावले. काहून ते मले समजलं नाही, पण आशीर्वाद दिला.

धर्मेंद्रनं गहू पसरले, त्यावर करा ठेवला, शेजारी केळी ठेवली. विहिरीचं पाणी आणलं होतं, वाळा टाकून. करा भरला, बापाचं नाव घेतलं. मग केळीजवळ थांबला. तांब्या हातातच. मिनलनं माझा दंड इतका दाबला का दुखला.

तेवढ्यात बारा वाजले अन् अंजना आली. भिंत पडली आहे तिकडून, तलावाच्या बाजूनं. मागे रामाजी. मी म्हटलं, "ये वं, वेळेवर आली. बस पोराजवळ." चंदन म्हणे, "आई." मी म्हटलं, "काय आई? जागा द्या तिले." अन् खरंच सगळे सरकले. शोभाताईसुद्धा सरकली, ती कोणासाठी सरकत नाही.

अंजना धर्मेंद्रसमोर बसली. मी त्याले म्हटलं, "घाल आता. समोर बसली आहे."

त्यानं वर पाहिलं. केळीकडे नाही, समोर, बरोबर तिच्या तोंडाकडे. त्याले दिसलं का नाही, मी सांगू शकत नाही. म्हणे, "माय, घे." अन् तांब्या केळीत रिकामा केला. दुसरा घातला. तिसरा घातला. आजीचं नाव घेतलं असंल, मोठ्यानं घेतलं नाही, ओठ हलले नुसते.

इकडे अंजनानं ओंजळ तोंडाले लावली अन् पेली. मी तिचा गळा पाहत होती. उतरलं. डोळे मिटले तिनं. मग असा लांब श्वास सोडला, जसा मागावरून उठताना सोडायची, पूर्ण लुगडं विणून झाल्यावर. अन् मी पाहिलं तं पदर कोरडा. निऱ्या कोरड्या. निळा रंग असा उजळ का काल विणल्यासारखा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या बसल्या जागी ओल नव्हती.

रामाजी म्हणे, "चला आता. माझंही ओझं उतरलं." त्यानं पिंकीच्या डोक्यावरून हात फिरवला. पिंकीनं एकदम डोक्यावर पदर घेतला, जसा वारा लागला.

धर्मेंद्रनं पत्रावळीवर घास वाढले. भात, वडे, कुरडया, चिचोणी. एका कोपऱ्यात हिरवी भाजी होती. मी विचारलं कायची, तं म्हणे, "ढेसाची, मावशी. कवळे पाहून आणले." कावळा लगेच आला. इतक्या लवकर कधी येत नाही, मारोतरावांच्या घासाले तं आम्ही तीन-तीन वाजेपर्यंत बसतो.

मी अंजनाले पाळीपर्यंत सोडायले गेली. प्रेमिला माझ्यामागे, अडवलं नाही तिनं आज.

२० एप्रिल, सोमवार

सकाळी चंदन माझ्याजवळ येऊन बसला. म्हणे, "आई, तुले एक सांगायचं आहे. वर्षभर सांगितलं नाही, चूक झाली आमची."

मी म्हटलं, "मले माहीत आहे."

"माहीत आहे?"

"पहिल्या आठवड्यातच समजलं. पिठाच्या डब्यात कागद आहेत. हा बंगला विकायचा नाही, मी असेपर्यंत तरी नाही."

त्यानं प्रेमिलाकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नको अशी. चंदननं माझं डोकं कुरवाळलं, टाके पडले होते तिथं, अन् म्हणे, "नाही विकत, आई. राहिलेलं छत टाकतो. सात नंबरचंही टाकतो, धर्मेंद्रसंग बोललो." इतकं सोपं होतं तं वर्षभर लपवलं कायले.

आज बाराले अंजना आली नाही. येणार नाही हे मले ठाऊक होतं, तरी लोटा भरून ठेवला होता. संध्याकाळी मीच पेली. माठ तसाच भरलेला. घर शांत शांत वाटून राहिलं, कोणीतरी माग बंद केल्यावर वाटते तसं.

काल पाळीवर मी तिले विचारलं होतं, आता कवा येतं? म्हणे, "भादव्यात. पित्रपाठातल्या बारसले." मी म्हटलं, "पित्रपाठात कोणी पाव्हणं येते काय वं? लोक तेव्हा कोणाच्या घरी जात नाही." तं ती हसली. वर्षाचं पहिलं हसू. म्हणे, "त्याच दिवशी बोलावतात, सखे, त्याच दिवशी येते." रामाजीही त्याच दिवशी येतो म्हणाला, पिंकीच्या घरी. दोघांचा एकच दिवस, येणं-जाणं सोबतीनं होईल.

मिनलले कॅलेंडर पाहायले लावलं. यंदा धोंड्याचा महिना आहे, भादवा महिनाभर लांबला. पोरीनं पान उलटलं, दिवस सापडला, अन् बराच वेळ बोट त्यावर ठेवून बसली. मी तिच्याकडून लाल पेन घेतला अन् गोल केला. भादवा वद्य बारस. अंजना अन् रामाजी येणार.